आत्ता कोण बोलायलंय?

"गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टिम डिव्हाइस." भाऊबीज आटोपून दुकान उघडलं, त्या सकाळी संगणकानं मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. वाट पाहून थकलो, आता सोडून दिलं, असं त्याचं म्हणणं. खाली नेहमीच्या अडचणींची यादी, मग 'अलर्ट', मग आकडे आणि अक्षरं एकात एक मिसळलेली एक लांबलचक माळ, ती माळ 'अस्तित्वात नाही' अशी घोषणा, आणि सगळ्यात खाली कंसात 'इनिट्रामएफएस' एवढं लिहून पुढं लुकलुकणारा कर्सर. माझ्याकडून काहीतरी उत्तर हवं असल्यासारखा.

औरंगपुऱ्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, सोसायट्यांच्या नोटिसा, बचतगटांचे ठराव, रहिवासी दाखल्याचे अर्ज, जे येईल ते. २०२३मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा लेटरहेडं बदलून द्यायची कामं इतकी आली की जेवायला सवड नव्हती. टायपिंग आणि पानं लावणं यात मला कुणी हरवू शकत नाही. पण बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत त्या डब्यात काय चालतं, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

लिनक्स दुकानात आलं ते विंडोजमुळं. विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, असं पडद्यावर सारखं येत होतं. विंडोज ११साठी मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. माझा सातव्या पिढीचा, २०१७चा. एका पिढीनं हुकला. हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा गणपतीला आला होता. तो म्हणाला, "मावशी, मशीन ठणठणीत हाय. उगं भंगारात कशाला घालायलीस?" आणि आरती-प्रसादाच्या मधल्या वेळात त्यानं लिनक्स मिंट टाकून दिलं. इनस्क्रिप्टनं युनिकोड मराठी आधीपेक्षा नीट उमटायला लागलं, प्रिंटर पहिल्या फटक्यात ओळखला गेला. श्रीलिपीतल्या जुन्या फायलींसाठी घरचा विंडोजचा लॅपटॉप ठेवला होता. महिना-दीड महिना मी खूश होते.

आणि आता तुळशीचं लग्न तोंडावर, पत्रिकांची कामं अंगावर, आणि हा कर्सर.

भाच्याला फोन लावला.

"काय दिसायलंय स्क्रीनवर?"

"इंग्रजी दिसायलंय. भरपूर."

"शेवटची ओळ वाच."

"कंसात इनिट्रामएफएस. पुढं काहीच नाही."

"बरं. कायबी दाबू नको. फोटो पाठव."

फोटो पाहून त्यानं लगेच संशयित पकडला. दिवाळीच्या आधी अपडेट झाले होते आणि त्यात नवा कर्नल आला होता. "त्याच्या कॉन्फिगमध्ये कायतरी गेलं असंल," तो म्हणाला. कर्नल म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. यंत्राचे सुटे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्या मधे बसून सगळ्यांची कामं करून देणारा गाभा, एवढं मला कळलं. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली तो लिहायला घेतला. आज त्यात तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. एवढं सगळं एकाच वेळी मेमरीत भरण्यात अर्थ नसतो. म्हणून काय आत बांधायचं, काय लागेल तेव्हा घ्यायचं आणि काय सोडायचं, हे आधी ठरवून ठेवतात. ते ठरवणं म्हणजे कॉन्फिगरेशन.

नवा कर्नल बिघडलेला आहे की नाही, हे पाहायचा उपाय सोपा होता. लिनक्स मागचा कर्नल लगेच फेकून देत नाही. मशीन सुरू होताना 'ग्रब' नावाचा मेनू येतो. एरवी तो लपलेला असतो, बरोबर वेळेला एस्केप दाबलं की दिसतो. ही बरोबर वेळ सापडणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. उशिरा दाबलं तर काहीच होत नाही, आणि चारदा जास्त दाबलं तर मेनूच्याही पलीकडं जाऊन 'ग्रब' एवढाच शब्द असलेल्या काळ्या पडद्यावर आपण पोचतो. तिथून परतायला 'नॉर्मल' असं टाइप करावं लागतं. मला त्या शब्दाचं फार हसू आलं.

'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल निवडला. तेच वाक्य. गेव्ह अप वेटिंग.

भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मग कर्नल नाही." वसुबारसेपर्यंत हाच जुना कर्नल माझं दुकान चालवत होता. बंद दुकानात तो आपोआप कसा बिघडेल? हा तर्क मला एकदम पटला. प्रुफं तपासताना हेच करतात. चूक नव्या प्रतीत आहे असं वाटलं तर आधी जुनी प्रत काढून बघायची.

त्यानं ड्रॉवरमध्ये लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह ठेवून दिला होता. त्यावरून मशीन सुरू केलं तर छान हिरवट डेस्कटॉप आला. म्हणजे प्रोसेसर, मेमरी, मॉनिटर सगळं शाबूत. पण डिस्कच्या यादीत फक्त पेन ड्राइव्ह. माझी २५६ जीबीची एनव्हीएमई डिस्क नाहीच. बिघडलेली, रिकामी, असं काही नाही. नाहीच. त्या डिस्कवर एका मुलीचा मराठीतला पीएचडीचा अख्खा प्रबंध होता, टिपा-सूचीसकट, आणि त्याची प्रत दुसरीकडं होती की नाही ते मला आठवेना. त्या पाच मिनिटांत मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही.

भाच्याच्या डोक्यातून कॉन्फिग अजून गेलं नव्हतं. "निदान ड्रायव्हर बांधलेला हाय का बघू," म्हणून त्यानं पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्येच 'बूट' फोल्डरमधली कर्नलची कॉन्फिग फाइल उघडायला लावली. दहा हजारांहून जास्त ओळी. बहुतेक ओळींत मोठ्या लिपीतलं एक नाव, बरोबरचं चिन्ह, आणि पुढं वाय किंवा एम. वाय म्हणजे गाभ्यातच बांधलेलं. एम म्हणजे मॉड्यूल, वेगळ्या फायलीत ठेवलेलं, गरज लागली की उचलायचं. गंमत अशी की 'नको' असेल तर 'एन' लिहीत नाहीत. त्या ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकून 'इज नॉट सेट' लिहितात. माझ्यासारखीला वाटतं ही कुणाची तरी टीप आहे, मजकूर नाही. पण तोच मजकूर असतो.

मी ती फाइल खाली खाली ओढत राहिले. जॉयस्टिक, टीव्ही कार्ड, टचस्क्रीन, आयुष्यात कधी न पाहिलेल्या नेटवर्क कार्डांची नावं. जगात कुणाच्या तरी टेबलावर यातली प्रत्येक वस्तू असेल, म्हणून ती माझ्याही दुकानात येऊन पडलेली. आपल्यापुरता कर्नल बांधणारे लोक ही यादी मेनूतून एकेक प्रश्नाला उत्तर देत ठरवतात म्हणे. त्यांच्या धीराला नमस्कार. एनव्हीएमईच्या ओळीपुढं एम होता. म्हणजे ड्रायव्हर होता, आणि मागितला असता तर आला असता.

"मग डिस्कच गेली का रे?"

"थांब. ग्रबमध्ये जाऊन एक बघ."

ग्रबच्या मेनूवर सी दाबलं की तो हुकूम घ्यायला तयार होतो. माझ्या कीबोर्डवर मराठीची स्टिकरं चिकटवलेली, त्यामुळं कंस आणि तिरपी रेघ शोधण्यात वेळ गेला. एलएस असं टाइप केलं. उत्तर आलं: एचडी शून्य. मग त्याचे दोन भाग, जीपीटी एक आणि जीपीटी दोन. दुसऱ्या भागाचं नाव कंसात देऊन पुन्हा एलएस केलं, तर बूट, ईटीसी, होम अशी फोल्डरांची रांग आली. होमच्या आत बघितलं तर गणपतीत आम्ही ठेवलेलं दुकानाचं नाव. डिस्क होती! जिवंत होती आणि आतलं सगळं जागच्या जागी होतं.

मग कर्नल 'नाही' का म्हणतोय?

इथं भाच्यानं मला जे सांगितलं त्यानं माझं निम्मं भांबावलेपण गेलं, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. मी समजत होते की संगणक म्हणजे एक कुणीतरी आहे आणि तो बोलतोय. तसं नसतं. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, त्यालाच आपण सवयीनं बायॉस म्हणतो. ते मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतं आणि ग्रबला बोलावून बाजूला होतं. ग्रबचं काम कर्नल आणि त्याच्याबरोबरची एक छोटी पोतडी डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवणं. ती पोतडी म्हणजे इनिट्रामएफएस, खरी डिस्क हाती लागेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था. एम लिहिलेल्यांपैकी सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर तिच्यातच भरलेले असतात. कर्नल ती उघडतो, तिच्यातली स्क्रिप्ट खरी डिस्क शोधून काढते, ती सापडली की ताबा बाकीचं सगळं सुरू करणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रॅमकडं जातो, आणि मग कुठं आपल्याला पासवर्ड विचारला जातो. तहसील कचेरीतल्या फायलीसारखं आहे हे. प्रत्येक टेबलाला फक्त पुढचं टेबल माहीत, आणि फाइल अडली की जो ओरडतो त्याचा दोष असतोच असं नाही.

"म्हणून मेसेज वाचायच्या आधी एकच विचारायचं," भाचा म्हणाला, "आत्ता कोण बोलायलंय?"

ग्रब डिस्क वाचताना स्वतःचा ड्रायव्हर वापरत नाही. तो फर्मवेअरला सांगतो, अमुक भाग वाचून दे. कर्नल तसं करत नाही. तो ताबा घेतला की फर्मवेअरला बाजूला सारतो आणि थेट यंत्राच्या भागांशी बोलतो. म्हणजे एकाच डिस्ककडं दोन वाटांनी जायचं होतं, एक वाट उघडी होती आणि एक बंद. दोघंही खरं बोलत होते. ती लांबलचक माळ म्हणजे यूयूआयडी, डिस्कच्या त्या भागाला जन्मताच मिळालेला ओळखक्रमांक. डिस्कची साधी नावं जोडणीनुसार बदलू शकतात, हा क्रमांक तसा बदलत नाही, म्हणून त्यावरून शोधतात. कर्नलला तो क्रमांक कुठंच भेटला नव्हता. बिचाऱ्यानं तेवढंच सांगितलं होतं.

ती वाट का बंद आहे, हे कर्नललाच विचारायचं ठरलं. सुरू होताना त्याला जे जे दिसतं त्याची तो नोंद ठेवतो, आणि डीमेसेज असं टाइप केलं की ती वाचता येते. हजारभर ओळी असतील. एरवी त्या मिंटच्या लोगोमागं लपलेल्या असतात. ग्रबमध्ये ई दाबून 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द काढून टाकले की त्या उघड्या दिसतात, पण इतक्या वेगानं धावतात की एक अक्षर वाचता येत नाही. मी मोबाइलवर त्याचा स्लो-मोशन व्हिडिओ काढून भाच्याला पाठवला होता. तो ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून बघत होता म्हणे, आणि त्याच्या मित्राला वाटलं कुठली तरी वेब सिरीज आहे.

पेन ड्राइव्हवरून सुरू करून डीमेसेजमधून 'एनव्हीएमई' असलेल्या ओळी गाळून काढा, असा हुकूम दिला. एकही ओळ नाही. भाच्यानं पुन्हा तोच हुकूम सांगितला, फक्त मधे आडवी रेघ आणि आय घालून, म्हणजे लहान-मोठ्या लिपीचा फरक धरू नको. आता एक ओळ आली. कर्नल त्या नावातलं शेवटचं अक्षर तेवढं लहान लिहितो, आम्ही सगळंच लहान लिहून शोधत होतो. ओळीचा अर्थ असा: एक एनव्हीएमई डिव्हाइस सापडलं, पण ते रीमॅप केलेलं आहे. भाच्यानं श्वास रोखून सांगितलं, "तिच्या खालची ओळबी काढ." खालच्या ओळीत एनव्हीएमई हा शब्दच नव्हता, म्हणून ती गाळणीत अडकली नव्हती. ती अशी होती: ही डिस्क वापरायची असेल तर बायॉसमध्ये रेड बदलून एएचसीआय करा.

म्हणजे सकाळपासून कर्नल उत्तर सांगत होता. दर वेळी, न चुकता, नम्रपणे. फक्त ते हजारभर ओळींच्या मधे, लोगोच्या मागं. ज्यानं हे वाक्य ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवलं त्याला माझ्याकडून दिवाळीचा फराळ. तक्रार एवढीच की भिंतभर अक्षरात 'अलर्ट' लिहिणाऱ्या स्क्रिप्टनं हीच एक ओळ सांगितली असती तर?

रेड आणि एएचसीआय हे काय प्रकरण आहे, ते मला कळलं तेवढं सांगते. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर डिस्क जोडायच्या दोन रीती असतात. एएचसीआयमध्ये एनव्हीएमई डिस्क सरळ समोर उभी असते. रेड रीतीत इंटेलचं तंत्र तिला साटा कंट्रोलरच्या आड घेतं, आणि ती दिसायला त्या तंत्राचा खास ड्रायव्हर लागतो. विंडोजबरोबर तो दिलेला असतो, फर्मवेअरमध्येही असतो. लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरला आडोशामागं काहीतरी आहे एवढं जाणवतं, पण तिथं हात घालता येत नाही. २०१६मध्ये लेनोव्होच्या योगा ९०० लॅपटॉपवरून यावर जगभर गदारोळ झाला होता. त्यात एएचसीआयचा पर्यायच बायॉसमध्ये ठेवला नव्हता, म्हणून लिनक्स बसेना. शेवटी कंपनीनं लिनक्सवाल्यांसाठी तो पर्याय असलेलं बायॉस काढून दिलं. माझ्या मशीनमध्ये पर्याय होता, एवढं माझं नशीब.

एफटू दाबून बायॉसमध्ये गेले. साटा ऑपरेशन: रेड. भाचा फोनवर ओरडलाच, "मी गणपतीत एएचसीआय केलं होतं की! त्याशिवाय मिंट बसलंच नसतं." मग कुणी बदललं? दुकानाची किल्ली माझ्याकडं, कुलूप शाबूत. मी एएचसीआय केलं, सेव्ह केलं, आणि मशीन असं सुरू झालं जसं काही झालंच नव्हतं. प्रबंध आधी पेन ड्राइव्हवर घेतला आणि मग चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेव्ह अप वेटिंग.

आता मात्र मी रडकुंडीला आले नाही, चिडले. आत्ता कोण बोलायलंय? मशीन बंद करून पहिल्यापासून बघत बसले. आणि इनिट्रामएफएसच्या कितीतरी आधी, अगदी पहिल्या काळ्या पडद्यावर, एक ओळ आली: दिवसाची वेळ लावलेली नाही, पुढं जायला एफवन दाबा. हे लिनक्स नव्हे, ग्रबही नव्हे. हे फर्मवेअर. बायॉसमध्ये जाऊन पाहिलं तर तारीख जानेवारी २०१७.

भाच्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "मावशी, सेल गेलाय."

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायॉसमधल्या निवडी सांभाळणं हे त्याचं काम. प्लगला वीज असेपर्यंत त्याच्यावर भार नसतो, म्हणून सेल मेलेला असला तरी कळत नाही. मी रोज रात्री मॉनिटर बंद करायचे, मेन स्विच चालू असायचा, मागच्या कॅमेऱ्यासाठी. दिवाळीला दुकान चार दिवस बंद, म्हणून मेन स्विच पाडला. नेमका आदल्या रात्रीही वायरमन येणार म्हणून पाडला होता. दोन्ही वेळा सेल मेलेला, बायॉसची स्मृती गेली, आणि मशीन कारखान्यातून आलं तेव्हाच्या रीतीवर परत गेलं. कारखान्याची रीत रेड. कर्नल, त्याचं कॉन्फिग, इनिट्रामएफएस, डिस्क, सगळे निर्दोष. आठ वर्षं इमानेइतबारे घड्याळ चालवून एक सेल संपला, एवढंच घडलं होतं.

सिटी चौकातल्या एका घड्याळवाल्याकडं तो सेल घेऊन गेले. त्यानं मीटर लावला, काटा दोनच्याही खाली. "ताई, ह्यो तर कवाच गेलाय." नवा दिला, मनगटी घड्याळाचा देतो तितक्याच सहज. संगणकाच्या दुकानात गेले असते तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. कदाचित नवी डिस्क घेऊन परत आले असते.

चुकलेल्या घड्याळाचे उपद्व्याप आणखी एक-दोन निघाले. पहिल्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर ब्राउझर बँकेचं पान उघडेना. सुरक्षा प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, असं म्हणे. बरोबरच होतं, तारीख मागं होती. पण २०१७ इतकी मागंही नव्हती. सिस्टिमडी सुरू होताना बघतो की घड्याळ आपल्या स्वतःच्या जन्मतारखेच्याही मागं आहे का, आणि असेल तर ते ढकलून तिथं आणतो. म्हणून माझं मशीन काही वर्षं नाही, काही महिनेच मागं राहिलं. इंटरनेटवरून वेळ जुळली आणि गाडी रुळावर आली. डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमनंही शंका काढली की डिस्कवरची शेवटची नोंद भविष्यातली आहे. यंत्रांना असला प्रश्न पडतो याचंच मला अप्रूप.

संक्रांतीच्या सुमाराला दुसरा प्रसंग आला. अपडेट चालू असताना वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी केव्हाचीच नावाला उरलेली. वीज आल्यावर पडद्यावर 'कर्नल पॅनिक', पुढं 'नॉट सिंकिंग', पुढं रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही आणि 'अननोन ब्लॉक शून्य, शून्य'. नाव भयंकर आहे, पण एव्हाना मला प्रश्न विचारता येत होता. बोलायलंय कोण? कर्नल स्वतः. इनिट्रामएफएसचा तो कंस आलाच नाही. म्हणजे गडबड पोतडीत. ग्रबमध्ये जाऊन जुना कर्नल निवडला, आणि या वेळी तो मुकाट सुरू झाला. बूट फोल्डर उघडलं तर नव्या कर्नलच्या पोतडीची फाइल होती, आकार शून्य बाइट. वीज गेली तेव्हा ती लिहून पुरी व्हायची होती. भाच्यानं पूर्वी लिहून दिलेल्या हुकमांपैकी आधी अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं करणारा, मग अपडेट-इनिट्रामएफएस, मग अपडेट-ग्रब, असे तीन चालवले. नवा कर्नल सुरू झाला. भाच्याला फोन संध्याकाळी केला, तोही तिळगूळ पोचला का विचारायला.

या खटपटीत मराठीची एक गोष्ट लक्षात आली, ती इथल्या लोकांना उपयोगी पडेल. माझे सगळे फोल्डर मराठीत आहेत: पत्रिका, प्रबंध, उधारी. डेस्कटॉपवर ते सुरेख दिसतात. पण कंट्रोल-आल्ट-एफथ्री दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेलं की त्या नावांच्या जागी चौकटी आणि ठिपके. कर्नलच्या त्या साध्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रं ठेवता येतात, आणि काना-मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं जुळवायची सोय तिथं नाही. ते जुळवण्याचं काम डेस्कटॉपकडं, डेस्कटॉप उठलाच नाही तर मराठी नाही. लोहितसारखे चांगले फाँट असूनही उपयोग नाही. आणीबाणीत 'उधारी'ची फाइल ओळखायची कशी? म्हणून महत्त्वाच्या तीन फोल्डरांना आता इंग्रजी नावं दिली आहेत. मनाविरुद्ध.

मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे हुकूम मराठीत समजावून सांगणारे व्हिडिओ आहेत. रात्री भांडी आवरली की एखादा बघते. एलएस, कॅट, ग्रेप आता हाताला बसले आहेत.

फक्त एका गोष्टीवरून भाच्याशी माझं अजून पटलेलं नाही. हल्ली मी लोगो येऊच देत नाही, 'क्वाएट स्प्लॅश' कायमचं काढून टाकलंय, आणि रोज सकाळी मशीन सुरू होताना सुरुवातीलाच 'एसीपीआय बायॉस एरर' अशा ओळी येतात, कुठलं तरी चिन्ह सापडलं नाही म्हणून. भाचा म्हणतो, त्या पुष्कळ मशीनवर येतात, मदरबोर्डवाल्यांनी कोष्टकं नीट लिहिलेली नसतात, कर्नल फक्त तक्रार नोंदवतो आणि पुढं जातो, तू दुर्लक्ष कर. मी म्हणते, बोलणारा कर्नल, गाऱ्हाणं फर्मवेअरचं, आणि मागच्या वेळी याच जोडीच्या मधे माझी डिस्क हरवली होती. मी त्या ओळींचे फोटो काढून ठेवले आहेत. तो पाडव्याला येणार आहे, तेव्हा बसवून विचारणार आहे.